रेस दिली की फुस्स!

दोरी ओढली, इंजिन घरघरलं, निळसर धूर आला, मित्रांनी शिट्ट्या मारल्या. तुम्ही रिमोटचा ट्रिगर दाबलात आणि... फुस्स! नायट्रो आरसी कारवाल्यांनी हा अपमान एकदा तरी गिळलेला असतो. आमच्या ग्रुपने तो कॉलेज फेस्टच्या शर्यतीच्या बरोबर आठ दिवस आधी गिळला. चौघांनी वर्गणी काढून घेतलेली सेकंड हँड गाडी होती. त्यात तिघं मेकॅनिकलवाले आणि चौथी मी, मास कॉमची. माझं काम खरं तर फोटो काढायचं.

अशा वेळी हात कुठे जातो? थेट स्क्रूड्रायव्हरकडे. कार्बोरेटरच्या नीडल पिळायला सुरुवात. आमच्या पोरांनी दोन संध्याकाळी तेच केलं. शेवटी मूळ सेटिंग काय होतं, हेही कुणाला आठवेना. दोष निघाला भलतीकडेच. सर्व्होपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या बारीक तारेवरच्या कॉलरचा स्क्रू सैल झाला होता. सर्व्हो बिचारा इमानदारीत फिरत होता, थ्रॉटल मात्र अर्धाच उघडत होता. अॅलन की घेतली, दोन मिनिटांत काम फत्ते.

म्हणून आधी इंजिन बंद ठेवूनच बघा. एअर फिल्टर काढा, आधी रिमोट आणि मग रिसीव्हर ऑन करा आणि ट्रिगर हलवत कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा. न्यूट्रलला साधारण एक मिलिमीटरची फट दिसायला हवी आणि फुल रेसला भोक पूर्ण उघडायला हवं. ब्रेक लावताना फट वाढत असेल तर लिंकेज चुकलंय.

ते ठीक असेल तर ग्लो प्लग बघा. गरम झालेलं इंजिन इग्नायटर काढताच बंद पडत असेल, तर प्लगवर संशय घ्या. मग इंधन. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गेल्या पावसाळ्यात उघडलेली, झाकण सैल असलेली बाटली मुंबईच्या दमट हवेत पडून असेल, तर तिचा मोह सोडा. टाकीचं झाकण आणि सायलेन्सरपासून टाकीकडे येणारी नळी गळतेय का, तेही तपासा. त्याच दाबाने इंधन पुढे ढकललं जातं.

एवढं झाल्यावरच नीडल. रेस दिल्यावर भरपूर धूर काढत, खोकत गाडी हळूहळू उठतेय? इंधन जास्त होतंय. धुराशिवाय झटक्यात बंद पडतेय? कमी पडतंय. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी होतं, उलट फिरवलं की वाढतं. आधी हाय-स्पीड नीडल लावा, मग लो-स्पीड. एका वेळी एक अष्टमांश फेरा, बास! आणि सुरुवातीचं सेटिंग मोबाइलवर टिपून ठेवा (आमच्यासारखं नको).

इंधन कमी करताना मात्र जपून. पिकअप मस्त वाटतो, पण या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, सगळं वंगण इंधनातूनच येतं. इंधन घटलं की तेलही घटलं, मग पिस्टन आणि स्लीव्ह घासले जातात. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो टाकताक्षणी चर्र करून उडाला, तर गाडी लगेच थांबवा आणि इंधन वाढवा.

आमची खरी तंतरली ती मात्र पाचव्या दिवशी. फुल रेसमध्ये असतानाच रिसीव्हरची बॅटरी बसली, सर्व्हो होता तिथेच अडकला आणि गाडी क्रिकेट खेळणाऱ्या छोट्या पोरांच्या दिशेने सुसाट. तीनेक किलोची वस्तू आहे ती, कुणाच्या पायावर बसली असती तर? नशिबाने स्टंप म्हणून मांडलेल्या विटांवर आदळली. इंजिन तरीही चालूच! एकाने धावत जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबलं, तेव्हा ते गप्प झालं. त्याच संध्याकाळी थ्रॉटल मागे खेचणारी रिटर्न स्प्रिंग बसवली आणि सिग्नल गेला की ब्रेक लागेल असं फेलसेफही सेट केलं. दोन्ही आधीच करायला हवं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

शर्यतीत आम्ही दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो. वळणावर गाडी उलटली. पण सांगते, उलटी पडूनही इंजिन बंद पडलं नव्हतं.