हिरोशिमाची हट्टी गाडी

१९२० साली जपानमधल्या हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी सुरू झाली. धंदा बुचाचा. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारं बूच अडलं होतं. तेव्हा जपानी ओकच्या सालीपासून पर्यायी बूच तयार करायचं, असा बेत होता. युद्ध संपलं, आयात पूर्ववत झाली आणि बेत फसला. १९२१ मध्ये सूत्रं हाती आली ती जुजिरो मात्सुदा यांच्या. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या आणि पोरवयातच ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकलेल्या या माणसाने आधी स्वतःच्या रचनेचा पंप बनवून नाव कमावलं होतं. बुचात काही उरलं नाही, हे ओळखून त्यांनी कारखाना यंत्रांकडे वळवला. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून कॉर्क गळालं आणि १९३१ मध्ये पहिली तीनचाकी मालगाडी बाहेर पडली. तिचं नाव 'माझदा-गो'. यात मात्सुदांचं आडनाव होतं, तसंच मुंबईच्या अग्यारीत ज्याची उपासना होते त्या अहुर मज्दाचंही.

नागोयाजवळची टोयोटा किंवा योकोहामाची निसान यांच्यापुढे माझदा कायम धाकटी राहिली. भांडवल कमी, गाव राजधानीपासून लांब. इतरांसारख्याच गाड्या काढल्या असत्या तर ती केव्हाच कुणाच्या तरी पोटात गेली असती. आणि वेगळं काही काढायच्या नादात ती स्वतःहूनच बुडायच्या बेताला आली. माझदाच्या चाहत्यांना या कंपनीबद्दल जी ओढ वाटते, तिचं मूळ या कोंडीत आहे.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी अणुबॉम्ब पडला तेव्हा मात्सुदा वाचले. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी आडवी होती, म्हणून काचा फुटल्या, छपरं उडाली, पण इमारती उभ्या राहिल्या. शहरात एवढीही पडझड न झालेल्या वास्तू फार थोड्या होत्या. कारखान्यात जखमींवर उपचार सुरू झाले आणि पुढे प्रांताच्या सरकारी कचेऱ्याही तिथेच हलवल्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा तयार होऊ लागल्या. ढिगारे उपसणाऱ्या, घरं बांधणाऱ्या हिरोशिमाला माल वाहायला गाडी हवीच होती. या शहराचं कंपनीशी जे नातं जडलं ते तेव्हापासूनचं.

पहिली मोटार मात्र आली १९६० मध्ये. 'आर३६०' ही चार जणांची चिमुकली कूपे तीन लाख येनला मिळत असे आणि छोट्या गाड्यांच्या बाजारात तिने धडाक्यात जागा पटकावली. पण नेमक्या त्याच काळात सरकारच्या मनात वेगळंच होतं. परदेशी गाड्यांना दारं उघडायची वेळ जवळ येत होती आणि जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाला वाटत होतं की, डझनभर लहान कंपन्यांपेक्षा दोन-तीन मोठे गट बरे. अशा विलीनीकरणात माझदा गिळली जाणार, हे उघड होतं. १९५१ पासून अध्यक्ष असलेल्या त्सुनेजी मात्सुदांनी ठरवलं की, दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असायला हवं. ते जर्मनीला गेले आणि एनएसयू या कंपनीशी करार करून आले. हाती आलं ते रोटरी इंजिन.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये खाली-वर होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करतो. पिस्टनला दर फेरीत दोनदा थांबून उलट दिशा धरावी लागते. गाडीचा हादरा त्यातून येतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांनी पिस्टनच काढून टाकला. त्यांच्या इंजिनात भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असल्याने तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे लहान-मोठे होतात, आणि प्रत्येकात इंधन ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं हे चारही टप्पे उरकतात. रोटरच्या एका फेरीत शाफ्ट तीनदा फिरतो. झडपा नाहीत, सुटे भाग कमी, आकार लहान, आणि फिरणं लोण्यासारखं नितळ.

हे झालं कागदावर. जर्मनीहून आलेलं नमुन्याचं इंजिन काही तास चालवलं की आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटायचे. कारखान्यात त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. शिवाय वंगण तेल आत झिरपून पांढऱ्या धुराचे लोट निघत. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीसाठी वेगळा विभाग उघडला. त्यात ४७ अभियंते होते. धन्यासाठी प्राण पणाला लावणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे या मंडळींना काय नाव पडलं असेल ते सांगायला नको. रोटरच्या टोकांवर बसणाऱ्या पट्ट्यांसाठी त्यांनी एकामागून एक पदार्थ घासून पाहिले. अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी टिकली.

३० मे १९६७ रोजी दोन रोटरची 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली. लांब, बसकी, अंतराळयुगातून उतरल्यासारखी. प्रत्येक रोटरचा कप्पा ४९१ घनसेंटिमीटरचा, म्हणजे मिळून लिटरभरही नाही, आणि ताकद ११० अश्वशक्ती. अशा जेमतेम १,१७६ गाड्या तयार झाल्या. टिकाऊपणाबद्दल कुणाला शंका राहू नये म्हणून पुढच्याच वर्षी दोन गाड्या जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या गेल्या. त्यातली एक चौथी आली. एनएसयूने स्वतःही १९६७ मध्येच रोटरीची 'आरओ ८०' आणली होती. तिच्या पट्ट्या झिजत राहिल्या, इंजिनं फुकट बदलून देता देता कंपनी खिळखिळी झाली आणि दोन वर्षांत फोक्सवॅगनच्या ऑडीत विलीन झाली. जनरल मोटर्स, मर्सिडीझ आणि सिट्रोएन यांनीही या इंजिनावर हात चालवून पाहिला आणि आवरतं घेतलं. वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने रोटरी विकत राहिली ती एकटी माझदा.

आणि मग १९७३ उजाडलं. तेलाचे भाव भडकले. रोटरीच्या कप्प्याचा आकार लांबट आणि चपटा असल्यामुळे सगळं इंधन नीट जळत नाही. गाडी सुसाट पळते, पण लिटरला किती देते या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसतं. अमेरिकी सरकारच्या मायलेजच्या आकड्यांत रोटरीची नाचक्की झाली आणि विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने मदतीबरोबर आपली माणसंही व्यवस्थापनात आणली. यंत्रांवरच्या कामगारांना देशभरच्या शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवलं गेलं. हिरोशिमाच्या लोकांनीही 'घ्यायची तर माझदाच' म्हणत साथ दिली. याच संकटात, १९७५ मध्ये, शहराच्या हिरोशिमा तोयो कार्प या बेसबॉल संघाने पहिल्यांदा लीगचं विजेतेपद पटकावलं. संघाच्या नावातलं 'तोयो' म्हणजे तोयो कोग्यो, माझदाचंच तेव्हाचं अधिकृत नाव.

शहाण्या सल्लागाराने अशा वेळी रोटरी गुंडाळायला सांगितली असती. यामामोतोंच्या माणसांनी उलट तिचा इंधनखर्च घटवायला घेतला आणि १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आणली. इंजिन लहान असल्यामुळे ते पुढच्या धुरीच्या मागे बसवता आलं; त्यामुळे वजनाचा तोल साधला आणि गाडी वळणावर हलकी वाटू लागली. परवडणाऱ्या किमतीतली ही स्पोर्ट्स कार अमेरिकेत तुफान चालली. पुढच्याच वर्षी फोर्डने माझदात सुमारे पाव हिस्सा घेतला.

याच सुमारास माझदा नाव भारतात पोचलं, पण रोटरीसह नव्हे. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून १९८३ मध्ये स्वराज माझदा ही कंपनी काढली. तिच्या छोट्या बसगाड्या आणि ट्रक महाराष्ट्रातही सगळीकडे धावले. शाळेची ने-आण, लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शनाच्या सहली यांसाठी ती ओळखीची गाडी झाली. पुढे तंत्रज्ञान इसुझूचं आलं, २०११ मध्ये कंपनीचं नाव एसएमएल इसुझू झालं आणि २०२५ मध्ये ती मुंबईच्या महिंद्राकडे आली. माझदाच्या मोटारी मात्र भारतातल्या शोरूममध्ये कधी आल्या नाहीत. त्यामुळे इथल्या पुष्कळांच्या मनात माझदा म्हणजे मिनीबस.

युरोपात आणि अमेरिकेत चित्र नेमकं उलटं आहे. तिथे माझदा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही अवघ्या अडीच वर्षांच्या आत घडल्या.

पहिली 'एमएक्स-५'. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने यामामोतोंना सुचवलं होतं की, ब्रिटिशांच्या जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारसारखी हलकी, स्वस्त गाडी आता कुणीच करत नाही, तुम्ही करा. त्या ब्रिटिश गाड्या देखण्या असत, पण तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं आणि छतातून पाणी आत यायचं. हॉल पुढे माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत रुजू झाले. तिथल्या गटाने इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना ही पारंपरिक मांडणी धरून ठेवली. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी धनुर्धराचा आदर्श ठेवला: स्वार आणि घोडा एकजीव झालेले. गिअरचा दांडा मनगटाच्या झटक्यात पडला पाहिजे, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळला पाहिजे, इथपर्यंत बारकावे घासले गेले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. जपानी रूपात वजन ९४० किलो, १.६ लिटरचं साधं पिस्टन इंजिन, ताकद १२० अश्वशक्ती. आकड्यांनी दिपून जावं असं काही नाही. तरी ती लोकांना वेड लावून गेली, कारण हमरस्त्यावर नियमात राहूनसुद्धा ती चालवण्यात मजा येते. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप जगात दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही.

दुसरी गोष्ट फ्रान्सच्या ल माँमधली. चोवीस तासांच्या या शर्यतीत माझदा सत्तरच्या दशकापासून धडका देत होती आणि परत फिरत होती. जून १९९१ मध्ये नारिंगी-हिरव्या रंगाची ५५ क्रमांकाची '७८७बी' उतरली. चार रोटर, सुमारे ७०० अश्वशक्ती. संघाने वाटाघाटीत ८३० किलो वजनाची मुभा मिळवली होती, तर मर्सिडीझ आणि जग्वार एक टनाच्या घरात. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो या तिघांनी रात्रभर न चुकता गाडी रेटली. अखेरच्या काही तासांत आघाडीवरची मर्सिडीझ तापून बंद पडली आणि माझदा पुढे गेली. ३६२ फेऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा मागच्या जग्वारवर दोन फेऱ्यांची आघाडी होती. शेवटचा टप्पा सलग चालवलेले हर्बर्ट पाण्याअभावी इतके गळून गेले की, विजेत्यांच्या मंचावर ते चढूच शकले नाहीत. ल माँ जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. टोयोटाला तो मान मिळायला २०१८ उजाडलं. त्या चार रोटरांचा किंचाळता आवाज आजही शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत लोक थांबून ऐकतात.

विजयाने तिजोरी मात्र भरली नाही. जपानची अर्थव्यवस्था नव्वदच्या दशकात आटली. फोर्डने १९९६ मध्ये हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. मोठ्या जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी बसलेले ते पहिले परदेशी. २००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशांची चणचण भासली आणि त्याने हिस्सा विकायला काढला. माझदा पुन्हा एकटी पडली. तिच्याजवळ हायब्रिडसाठी टोयोटाएवढा पैसा नव्हता, विजेच्या गाडीसाठी निसानएवढा नव्हता. म्हणून अभियंत्यांनी सगळ्यांनी जुनं ठरवलेलं पिस्टन इंजिनच नव्याने हातात घेतलं. पेट्रोल इंजिनात दाबाचं प्रमाण नेहमीपेक्षा चढवलं, डिझेलमध्ये उतरवलं आणि दोन्ही १४ ला १ वर आणून ठेवली. 'स्कायॲक्टिव्ह' नावाने आलेल्या या तंत्रावर २०१२ ची 'सीएक्स-५' उभी राहिली आणि तिने कंपनीला तोट्यातून बाहेर काढलं.

त्या गाडीला रूप देणाऱ्या विभागाचे प्रमुख होते इकुओ माएदा. पहिल्या आरएक्स-७ ची रेखाकृती त्यांचे वडील मातासाबुरो यांची. मुलाच्या काळात माझदाचे पत्रे झळाळणाऱ्या लाल रंगासाठी ओळखले जाऊ लागले. निष्णात रंगाऱ्यांच्या हाताची हालचाल यंत्रमानवांना शिकवून तो रंग चढवला जातो. टचस्क्रीनने रस्त्यावरून नजर हटते म्हणून बटणं आणि फिरवायची चकती ठेवायची, हाही माझदाचा बाणा होता. २०२५ च्या नव्या सीएक्स-५ मध्ये मात्र मोठा टचस्क्रीन आला आणि चकती गेली. चाहते नाराज झाले, पण आता कंपनीलाही सगळेच हट्ट परवडत नाहीत. वर्षाला टोयोटा समूह एक कोटीवर गाड्या विकतो, माझदा बारा-तेरा लाख. २०१७ पासून टोयोटाकडे तिचे थोडे समभागही आहेत आणि अमेरिकेतल्या अलाबामात दोघांचा एकत्र कारखाना आहे.

रोटरीची शेवटची स्पोर्ट्स कार 'आरएक्स-८' २०१२ मध्ये बंद झाली, ती पुन्हा मायलेज आणि धुराच्या नियमांपायी. अकरा वर्षांनी एका रोटरचं ८३० घनसेंटिमीटरचं इंजिन 'एमएक्स-३०' मध्ये परतलं. ते चाकं फिरवत नाही. बॅटरीसाठी वीज तयार करतं. ठरावीक वेगाने चालायचं असल्यामुळे तिथे त्याची खादाडी थोडी आटोक्यात राहते, आणि लहान आकाराचा फायदा मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझदाने रोटरीचा विभाग पुन्हा उघडला आणि वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले ३६ अभियंते तिथे एकत्र आणले. नव्या उत्सर्जन-नियमांत बसेल असं रोटरी इंजिन तयार करणं हे त्यांचं काम आहे. आरएक्स-७ च्या वारसदाराची वाट पाहणारे जगभरचे चाहते तेव्हापासून हिरोशिमाकडे डोळे लावून बसले आहेत.