खिडकीतला दिवा

मोबाइलवर नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं रिपली शोधा. बरंच झूम करावं लागेल, कारण गाव एवढंसं. आजही वस्ती दोन हजारांच्या आत. समोर ओहायो नदी, पल्याड केंटकी राज्य. 1865 पूर्वी ही नदी म्हणजे दोन जगांमधली सीमा होती. पल्याड माणसं विकली जायची, अल्याड गुलामगिरीला बंदी होती.

1822 मध्ये जॉन रँकिन हा तरुण पाळक इथल्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये आला आणि तब्बल 44 वर्षं राहिला. प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. मंडळी आपल्यातूनच 'वडील' निवडते. पाळक आणि वडील मिळून कारभार बघतात. पाळकालाही मंडळीच बोलावते. म्हणजे लोकांशी पंगा घेणं पाळकाला परवडत नाही. रँकिननं तो घेतला.

सुरुवात घरापासून. व्हर्जिनियातल्या सख्ख्या भावानं, थॉमसनं, गुलाम विकत घेतल्याचं त्याला कळलं. आपण काय केलं असतं? फॅमिली ग्रुपवर वाद नको म्हणून गप्प बसलो असतो! रँकिननं भावाला उद्देशून पत्रं लिहिली आणि 1824 मध्ये ती गावच्या पेपरात छापून आली. 1826 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. पुढे थॉमसनं आपल्या गुलामांना मुक्त केलं.

टेकडीवरच्या रँकिनच्या घरात खिडकीत दिवा जळायचा. पल्याडहून पळून येणाऱ्यांसाठी ती खूण होती. 1838 च्या हिवाळ्यात एक आई तान्ह्या बाळाला घेऊन, गोठलेल्या नदीच्या फुटक्या बर्फावरून इथे पोचली. हॅरिएट बीचर स्टोच्या 'अंकल टॉम्स केबिन'मधली एलायझा तिच्यावरूनच सुचली. गावातला जॉन पार्कर तर स्वतःच पैसे भरून गुलामीतून सुटलेला. तो रात्री होडीनं पल्याड जाऊन माणसं सोडवून आणायचा.

हे फुकट झालं नाही. 1841 मध्ये हल्लेखोर रात्री रँकिनच्या घरावर चालून आले. त्याच्या मुलांनी त्यांना पिटाळलं. 1850 च्या कायद्यानं तर पळालेल्याला आसरा देणं म्हणजे दंड आणि तुरुंग. चर्चमध्येही एकमत नव्हतं. गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद म्हणून ठेवायचं का, या प्रश्नावर रँकिन आणि त्याचे सहकारी मूळ चर्चमधून बाहेर पडले. 1847 मध्ये त्यांनी 'फ्री प्रेसबिटेरियन चर्च' उभं केलं. तिथे गुलामांच्या मालकांना प्रवेश नव्हता.

आपला काय संबंध? 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं, ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी ती नाळ ओळखली होती.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या मंडळाचे, ग्रुपचे, कट्ट्याचे सभासद असालच. तिथे अन्याय खपवून घेतला जात असेल, तर पहिलं पत्र कुणाला लिहाल? की पत्र लिहायचं राहूनच जाईल?