एका सेकंदाला एकच उडी

भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाकडे पाहा. बहुतेक घड्याळांत सेकंद काटा टक्कन उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. मोटरला दर सेकंदाला एकदाच वीज दिली की सेल जास्त दिवस पुरतो. चावीच्या खिशातल्या घड्याळात मात्र काटा साधारणपणे सेकंदाला पाच बारीक पावले टाकतो आणि सरकल्यासारखा दिसतो. म्हणून उडी मारणारा काटा दिसला की आपण म्हणतो, ‘हे तर साधे सेलचे!’

अठराव्या शतकात मात्र हीच उडी मोठ्या कौशल्याची खूण होती. त्या काळी डॉक्टर घड्याळ लावून नाडी मोजू लागले होते. इंग्लंडचे डॉ. जॉन फ्लॉयर यांनी त्यावर १७०७ मध्ये पुस्तकच लिहिले. नाडीचे ठोके मोजताना सेकंद कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे एका नजरेत कळायला हवे. सरकत्या काट्यावरून ते कळणे अवघड.

१७७६ च्या सुमारास जिनिव्हाचे घड्याळजी मोईज पूझे यांनी यावर उपाय काढला. एकाच घड्याळात त्यांनी चाकांच्या दोन साखळ्या बसवल्या. एक तास-मिनिटांसाठी, दुसरी फक्त सेकंदासाठी. दोघींची स्प्रिंगही वेगळी. सेकंदाच्या साखळीच्या टोकाला एक नाजूक दांडी असते. ती मुख्य यंत्रणेच्या दात्याला अडकून राहते. एक सेकंद पुरा झाला की दाता तिला सोडतो, ती गर्रकन फिरून पुन्हा अडकते आणि काटा एक घर पुढे जातो.

आणखी एक सोय होती. कडेची छोटी कळ सरकवली की सेकंद काटा थांबे, पण घड्याळ बंद पडत नसे. आजच्या स्टॉपवॉचकडे नेणाऱ्या वाटेवरचे हे एक पाऊल.

म्हणून घरातल्या जुन्या पेटीत खिशातले घड्याळ सापडले आणि त्याचा सेकंद काटा हलत नसला, तर ते लगेच मोडीत काढू नका. कदाचित कळ बंद असेल, किंवा दुसऱ्या स्प्रिंगला चावी दिलेली नसेल. मात्र स्वतः जोर लावू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळातले तेल सुकलेले असते आणि नाजूक दांडी मोडू शकते. जुन्या घड्याळांची माहिती असलेल्या घड्याळजीकडून ते आधी उघडून घ्या. आत दोन स्प्रिंगा दिसल्या, तर तुमच्या हातात साधे घड्याळ नाही!