हाताला कळणारा वेग

डहाणूच्या खाडीत किंवा तलासरी तालुक्यातील झाईच्या किनाऱ्यावर तुम्ही मासेमारीच्या होड्या पाहिल्या असतील. होडीच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस सुकाणूचा दांडा धरतो. होडी सावकाश चालली असेल, तर दांडा सहज हलतो. होडीने वेग घेतला, की तोच दांडा वळवायला मनगटाचा जोर लागतो. वेग म्हणजे आपल्या उर्दूतील ‘रफ्तार’. ती दाखवणारे यंत्र होडीत नसले, तरी त्याच्या हाताला ती कळते.

लहान विमानातही असेच घडते. वैमानिकाच्या हातातील दांडी तारांनी शेपटीतील हलत्या पट्टीला जोडलेली असते. दांडी मागे ओढली, की पट्टी वर वळते, शेपूट खाली दबते आणि विमानाचे नाक वर उठते. वळलेल्या पट्टीला समोरची हवा ढकलते. तो दाब तारांतून हातापर्यंत पोहोचतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वेग दुप्पट झाला, तर हवेचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट, तर दाब नऊपट! उलट वेग फार कमी झाला, की दांडी सैल व निर्जीव वाटू लागते. पंखांचा आधार सुटण्याची वेळ जवळ आल्याची ती खूण असते.

मोठ्या जेट विमानांत पट्ट्या तेलाच्या दाबाने हलवतात, त्यामुळे हवेचा जोर हातापर्यंत येतच नाही. म्हणून तेथे दांडीला कृत्रिम जोर द्यावा लागतो. एअरबस कंपनीच्या ए-३३० विमानात बाजूला एक छोटी दांडी असते. तिला फक्त स्प्रिंगचा जोर असतो आणि दोन वैमानिकांच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे असे एक विमान अटलांटिक महासागरात कोसळले व २२८ जण मरण पावले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचल्याने आकडे चुकले होते. एक वैमानिक दांडी मागे ओढत राहिला; शेजारच्याच्या हाताला ते कळण्याची सोय नव्हती. अपघाताची कारणे अनेक होती, तरी दांडीने हाताला काय सांगावे, ही चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली.

आता सिम्युलेटरकडे वळू. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याचे साधन. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली असे यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्याच वाद्याचे भाते वापरून त्यांनी आपले खोटे विमान डोलवले. हार्मोनियमचा भाता तुम्ही पाहिलाच असेल.

आज घरच्या संगणकावरही उड्डाणाचा सराव करता येतो. पण बाजारातील साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग वेग ओळखत नाही. पडद्यावरचे विमान ताशी १०० किलोमीटरने जावो की ३०० ने, हाताला जोर तेवढाच! अशाने हाताला चुकीची सवय लागते.

यावर एक सुंदर उपाय आहे. दांडी खाली एका खिळीवर झुलती ठेवायची. खिळीपासून मुठीपर्यंतची उंची ३० सेंटिमीटर धरू. दांडीवर सरकणारी एक कडी बसवून तिला पुढून व मागून स्प्रिंग लावायची. एक सेंटिमीटर सरकल्यावर दोन्ही स्प्रिंगा मिळून तीन किलोचा जोर लावतात, असे समजा. कडी खिळीच्या वर ५ सेंटिमीटरवर आहे. मूठ ६ सेंटिमीटर हलवली, तर कडी १ सेंटिमीटर हलते आणि हाताला अर्धा किलो जोर लागतो. आता कडी १० सेंटिमीटरवर न्या. मूठ तेवढीच हलवली, तरी कडी २ सेंटिमीटर हलते, स्प्रिंगचा जोर सहा किलो होतो आणि तरफेच्या नियमाने हाताला पूर्ण दोन किलो लागतात. अंतर दुप्पट, जोर चौपट! हवेचा हिशेबही हाच होता ना? म्हणजे संगणकाने विमानाचा वेग पाहून, मोटरच्या साहाय्याने, त्याच प्रमाणात कडी वर-खाली सरकवली, की काम झाले. वर्गमुळे काढायला नकोत. मला हा हिशेब फार आवडतो.

स्प्रिंगांची बाहेरची टोकेही कडीबरोबर तेवढीच वर-खाली सरकली पाहिजेत. नाहीतर त्या तिरक्या होऊन हिशेब चुकतो. त्यासाठी टोके एका चौकटीला बांधून, आटे पाडलेल्या गजाने सारी चौकटच हलवतात.

एवढी खटपट घरी जमेल का? मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे खरे विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. त्यापुढे ही एक दांडीच आहे!

मोटर १२ व्होल्टची घ्या, घरातील विजेवर थेट चालणारी नको. गज फिरत असताना चौकटीत बोट सापडू शकते, म्हणून मोटर बंद करण्याचे बटण डाव्या हाताजवळ बसवा, आणि पहिल्यांदा स्प्रिंगा न लावताच ती चालवून पाहा.