गुरू भेटतो तरी कसा?

आषाढी जवळ आली की मिरजेच्या बाजूने पंढरीला निघालेल्या दिंड्या सांगोल्यावरून पुढे जातात. मुक्कामाला भजन होते, भाकरी-पिठल्याची पंगत उठते आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कुणीतरी हमखास म्हणते, "माळ घातली, वारी धरली, पण गुरू काही भेटला नाही."

वाचकहो, ही रुखरुख तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. काहींच्या घरातला तरणा पोर गुरूच्या शोधात घरदार सोडायची भाषा करत असेल. काहींच्या दारात भगवी कफनी घालून कुणी आपणहून गुरू म्हणून उभा राहिला असेल. अशा वेळी करावे काय? आपल्या मुलखातल्या थोरामोठ्यांना गुरू कसे भेटले, ते आधी पाहू.

कुंभाराचे थापटणे

संत नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पंढरीचा विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्या नामदेवांची परीक्षा कुणी घेतली? तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी मडकी तपासायचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. "हे मडके कच्चे आहे," असा निवाडा झाला.

नामदेव दुखावले, पण घरी रुसून बसले नाहीत. आख्यायिका अशी की, विठ्ठलानेच त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. तिथे पाहतात तो विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! "पाय काढा," म्हणताच विसोबा म्हणाले, "जिथे देव नाही तिथे तूच ठेव." पाय जिकडे न्यावे तिकडे पिंडी दिसू लागली. देव एका राउळापुरता नाही, हा धडा तिथे मिळाला. ज्याला आपण कच्चे आहोत हे कळले, त्यालाच गुरू भेटला. पुढे नामदेव पंजाबापर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

वासराच्या सोबतीने

आता मायबहिणींसाठी बहिणाबाईंची कथा. सतराव्या शतकातली ही ब्राह्मणाघरची लेक लहान वयातच लग्न होऊन कोल्हापुरात येऊन राहिली. घरी कपिला गाय होती, तिचे वासरू बहिणाबाईंच्या मागे मागे फिरे, कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले. पुढे वासरू मेले, तिची शुद्ध हरपली आणि स्वप्नात तुकोबांनी येऊन तिला उपदेश केला. तुकोबांना डोळ्यांनी पाहण्याआधीच ती त्यांची शिष्या झाली.

घरात मात्र वादळ उठले. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू मानावे, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने मारझोडही केली. तिने गुरू सोडला नाही आणि संसारही सोडला नाही. पुढे नवऱ्याचे मन पालटले आणि दोघे देहूला गेले. हे सारे तिने स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे.

माणगंगेच्या काठचा मुलगा

आपल्या सांगोल्यातून वाहणारी माणगंगा वरच्या अंगाला गोंदवल्यावरून येते. त्या गोंदवल्यात १८४५ साली गणपती रावजी घुगरदरे जन्मले. तेच पुढे ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज म्हणून ओळखले गेले. गुरूच्या ओढीने हा मुलगा लहानपणीच घरातून निघून गेला. शोधून परत आणला, तरी पुन्हा गेला. अनेक साधूंची दारे झिजवून अखेर मराठवाड्यातल्या येहळेगावी तुकामाईंपाशी पोचला. तुकामाईंनी त्याची कठीण परीक्षा घेतली, मगच अनुग्रह दिला.

आणि काम काय दिले? रानात बसून समाधी लावण्याचे नव्हे. प्रपंचातल्या माणसांना रामनामाला लावण्याचे. महाराज गोंदवल्याला परतले. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी आपल्या शेतात लोकांना कामाला लावले आणि भाकरी दिली, असे चरित्रकार सांगतात. १९१३ मध्ये त्यांनी देह ठेवला. गोंदवल्यात आजही पंगत उठते ती त्याच शिकवणुकीमुळे.

विडीच्या दुकानातला साधक

सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज तरुणपणी विजापुरात हिशेबनिसाची नोकरी करत. जतजवळच्या उमदीचे भाऊसाहेब महाराज तेव्हा इंचगेरीला असत. १९०६ मध्ये सिद्धरामेश्वरांना त्यांचा अनुग्रह झाला.

पुढे सिद्धरामेश्वर मुंबईत असताना, १९३३ मध्ये, मारुती कांबळी नावाच्या विडी दुकानदाराला त्याच्या मित्राने आग्रहाने त्यांच्याकडे नेले. कांबळींचे बालपण सिंधुदुर्गातल्या कांदळगावी शेतीत गेलेले. गुरूंनी १९३६ मध्ये देह ठेवल्यावर कांबळी सारे सोडून देशभर भटकायला निघाले. वाटेत एका गुरुबंधूने समजावले की, संसारात राहूनच साधना पक्की होते. ते परतले. दुकानांपैकी एकच उरले होते, त्यावरच ते बसले. निसर्गदत्त महाराज ते हेच. १९८१ मध्ये ते वारले, तोवर परदेशांतून माणसे त्यांच्या मुंबईच्या घराचा जिना चढत आली.

तुम्ही काय पाहाल?

बंधुभगिनींनो, या चार गोष्टी ताडून पाहा. गुरू कुठे कीर्तनातून, कुठे मित्राच्या आग्रहातून, कुठे कुंभाराच्या थापटण्यातून भेटला. शिष्याने आधी आपले कच्चेपण पाहिले किंवा पाय झिजवले. आणि खऱ्या वाटेने गेलेला माणूस शेवटी आपल्या माणसांत, आपल्या कामावर परत आला. गुरूची पारख इथेच करा : तो तुम्हांला कुठे परत पाठवतो?

जो बी-भरणाच्या पैशांवर डोळा ठेवतो, घरच्यांपासून गोष्टी लपवायला सांगतो, बायाबापड्यांना एकटे बोलावतो, डॉक्टरांचे औषध बंद करायला लावतो, तो गुरू नव्हे. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा देणे, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणे, हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. अशा माणसाची तक्रार पोलीस ठाण्यात करायला भिऊ नका. त्यात देवाचा कोप नाही.

आणि ज्या घरातला पोर शोधाला निघू पाहतो, त्या आईबापांनी त्याला हसू नये, मारूही नये. त्याला बहिणाबाईंची, गोंदवलेकर महाराजांची हकिगत सांगा. पेरणी होईपर्यंत घरी थांब, रोज घटकाभर नाम घे, गावातल्या वडीलधाऱ्या माळकऱ्याजवळ बस, असे समजावून सांगा. पाऊस आपण आणू शकत नाही, पण तो येण्याआधी रान नांगरून ठेवणे आपल्या हाती असते. गुरूचेही तसेच आहे. रान तयार ठेवा.