नळीतील सागरी कृमी : संतानसंगोपनाच्या रीती आणि कुळाचे नाते

ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किंवा कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर उघडे पडलेले दगड, गोदीतील खांब, अथवा दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलेल्या जहाजाचा तळ निरखून पाहिला, तर कालवे आणि बार्नेकल यांच्या जोडीला चुन्याच्या बारीक पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या आढळतात. काही नळ्या वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात, तर काही एकमेकींत गुंतून त्यांचा जाड थर झालेला असतो. पुष्कळांना हा शिंपल्यांचाच एखादा प्रकार वाटतो. वस्तुतः ही गांडुळाच्या दूरच्या नातलगांनी बांधलेली घरे होत. गांडूळ ज्या वलयी प्राण्यांच्या संघात मोडते त्याच संघातील बहुशूकी, म्हणजे अंगावर पुष्कळ राठ केस असणाऱ्या कृमींचे हे एक कुल आहे. त्याला सर्पुलिडी असे नाव असून त्याच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत.

हा कृमी एकदा नळी बांधू लागला की आयुष्यभर ती सोडीत नाही. मग जोडीदार शोधण्यास किंवा अंड्यांसाठी सुरक्षित जागा पाहण्यास जे प्राणी हिंडू शकत नाहीत, त्यांची पिल्ले वाढतात तरी कशी ? आणि पिल्ले वाढविण्याच्या रीतींवरून या कृमींचे परस्परांशी असलेले नाते ओळखता येईल काय ? या दोन प्रश्नांचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

नळी आणि तिच्यातील रहिवासी

सर्वच नलिकावासी कृमी चुना वापरतात असे नाही. सबेलॅरिडी कुलातील कृमी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून घर बांधतात. सबेलिडी कुलातील कृमींची नळी चिखल आणि चिकट द्रव यांची असते. सर्पुलिडी कुलातील कृमी मात्र मानेजवळील गळपट्टीखालच्या ग्रंथींतून चुनखडीयुक्त द्रव स्रवतात आणि नळीचे तोंड थोडेथोडे पुढे वाढवीत नेतात.

नळीच्या तोंडातून कृमीच्या डोक्यावरचा पिसाऱ्यासारखा तुरा बाहेर येतो. या तुऱ्यावरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह निर्माण होतो व त्यातून अन्नकण तोंडाकडे ओढले जातात. श्वसनाचे कामही हाच तुरा करतो. बहुतेक जातींत तुऱ्यातील एका पिसाचे रूपांतर झाकणात झालेले असते. सावली पडताच कृमी झटकन आत शिरतो आणि हे झाकण नळीच्या तोंडावर घट्ट बसते. या झाकणाला पुढे आणखी एक काम कसे मिळाले, ते आपण लवकरच पाहू.

अंडी पाण्यात सोडणारे कृमी

सर्पुलिडी कुलातील पुष्कळ जाती आपली अंडी व शुक्राणू सरळ समुद्राच्या पाण्यात सोडतात. भारतीय बंदरांत सर्वत्र आढळणारा हायड्रॉइडीस एलेगन्स हा कृमी त्यांपैकीच होय. त्याचे अंडे एका मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढे असते. फलन पाण्यातच होते व अंड्यातून पोहणारा डिंभ बाहेर पडतो. सूक्ष्म शैवाले खात तो उष्ण पाण्यात सुमारे पाच दिवस तरंगत राहतो. मग जीवाणूंचा पातळ थर साचलेला एखादा पृष्ठभाग त्याला सापडला, की तो तेथे चिकटतो आणि पहिल्या तासाभरातच नळी बांधण्यास आरंभ करतो. काही आठवड्यांत तो स्वतः प्रजननक्षम होतो. जहाजाच्या तळावर असे थर चढले म्हणजे पाण्याचा रोध वाढतो आणि इंधन अधिक लागते. त्यामुळे या कृमीच्या जीवनक्रमाचा अभ्यास नौकानयनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला आहे.

बंगळूर हे शहर समुद्रापासून दूर असले, तरी या अभ्यासाशी त्याचा संबंध आहे. तेथे 1934 साली स्थापन झालेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात 1942 साली एम. डी. पॉल यांचा मद्रास बंदरातील स्थिरवासी प्राण्यांची वाढ व प्रजनन यांविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्या काळच्या लेखनात भारतीय बंदरांतील या कृमीला हायड्रॉइडीस नॉर्वेजिका असे नाव दिलेले आढळते. ते नाव युरोपातील थंड पाण्यात राहणाऱ्या वेगळ्या जातीचे असून उष्ण बंदरांतील कृमी एलेगन्स जातीचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकच समजल्या जाणे या कुलात किती सोपे आहे, हे यावरून दिसून येते.

अंडी जवळ बाळगणारे कृमी

याच कुलात स्पायरॉर्बिस व त्याचे निकटचे नातलग यांचा एक लहानसा गट आहे. त्यांची नळी गोगलगाईच्या शंखासारखी चक्राकार वळलेली असून तिचा व्यास सामान्यतः काही मिलिमीटरच भरतो. शैवालांची पाने, शिंपले आणि दगड यांवर हे पांढरे ठिपके आढळतात. हे कृमी उभयलिंगी असतात, म्हणजे एकाच शरीरात अंडी व शुक्राणू दोन्ही तयार होतात. पाण्यातून आलेले दुसऱ्या कृमीचे शुक्राणू साठवून ठेवण्याची सोय स्पायरॉर्बिसच्या शरीरात असते. अंडी मात्र पाण्यात सोडली जात नाहीत. या गटातील प्रत्येक ज्ञात जात आपल्या भ्रूणांचे संगोपन करते आणि त्यासाठी सहा निरनिराळ्या रीती आढळतात.

पहिल्या चार रीतींत भ्रूण नळीच्या आतच राहतात. पॅरालीओस्पायरा या वंशात ते नळीत मोकळे असतात. सर्सीस वंशात त्यांचा पुंजका नळीच्या भिंतीला चिकटलेला असतो. स्पायरॉर्बिस वंशात भ्रूणांची माळ एका टोकाच्या तंतूने नळीला बांधलेली असते. रोमँकेला व तिच्या नातलगांत ही माळ नळीला नव्हे, तर मातेच्याच वक्षभागाला एका देठाने जोडलेली असते.

उरलेल्या दोन रीतींत नळीच्या झाकणाचाच पाळणा होतो. जानुआ व तिच्या नातलगांत झाकणात एक पोकळ कोठडी तयार होऊन भ्रूण तिच्यात वाढतात. डिंभ बाहेर पडले की ती कोठडी गळून पडते आणि पुढच्या वेळी नवी तयार होते. पायलिओलेरिया व तिच्या नातलगांत मात्र तीच कोठडी अनेक पिढ्यांच्या भ्रूणांसाठी पुनःपुन्हा वापरली जाते.

अशा रीतीने वाढलेले डिंभ अंड्यातील बलकावरच पोसलेले असतात. बाहेर पडल्यावर त्यांना अन्न शोधावे लागत नाही. काही मिनिटे किंवा फार तर काही तास पोहून ते जवळपासच स्थिरावतात. ई. डब्ल्यू. नाइट-जोन्स यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले, की स्पायरॉर्बिसचे डिंभ आपल्या जातीचे कृमी जेथे आधीच वसलेले असतात तेथे वसणे अधिक पसंत करतात.

लहान शरीर आणि संगोपन

संगोपन करणारे हे कृमी इतके लहान का असावेत ? याचे एक स्पष्टीकरण साध्या भूमितीत मिळते. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी व जाडी प्रत्येकी दुप्पट झाली, तर त्याचे आकारमान आठपट होते, परंतु पृष्ठफळ चौपटच होते. अंडी किती तयार होतील हे बव्हंशी आकारमानावर अवलंबून असते. ती ठेवण्यास व त्यांना प्राणवायू पुरविण्यास लागणारी जागा मात्र पृष्ठफळाच्या प्रमाणातच वाढते. म्हणजे मोठ्या कृमीला आपली सर्व अंडी जवळ बाळगणे उत्तरोत्तर अवघड होत जाते. याउलट लहान कृमीची अंडी थोडकीच असतात. ती समुद्रावर सोपविली, तर त्यांतील एखादे तरी तगेल याची खात्री नसते. त्याला थोड्या पिल्लांची काळजी घेणेच हिताचे ठरते.

सर्पुलिडी कुलातील इतर बारीक जातींवरून या विचाराला पुष्टी मिळते. फिलोग्राना हा सुताएवढ्या नळ्यांचा कृमी आपले भ्रूण नळीत सांभाळतो. उत्तरेकडील थंड समुद्रातील कायटिनोपोमा सेरुला ही जात नळीच्या तोंडाशी चुन्याच्या पिशव्या बांधून त्यांत भ्रूण ठेवते. पॅराप्रोटिस डेंड्रोव्हा या जातीत भ्रूण तुऱ्याच्या पिसांवरच वाहिले जातात. गरज एक, परंतु तिच्या पूर्तीचे मार्ग निरनिराळे, असे हे दृश्य आहे.

वर्तुळाकार तर्काचा धोका

जे. एच. बेली यांनी 1969 साली असे सुचविले, की चक्राकार नळीच्या कृमींचे वर्गीकरण त्यांच्या भ्रूणसंरक्षणाच्या रीतींवरूनच करावे. पुढच्याच वर्षी श्रीलंकेतील संग्रहाचा अभ्यास करून टी. गॉटफ्रीड पिल्लई यांनी या कृमींना स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. त्यानंतर वर उल्लेखिलेल्या सहा रीतींशी जुळणारे सहा गट रूढ झाले.

ही व्यवस्था उपयुक्त होती, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक अडचण दडलेली होती. संगोपनाच्या रीतीवरून गट पाडावयाचे आणि मग त्याच गटांच्या आधारे संगोपनाचा इतिहास सांगावयाचा, यात तर्क फिरून मूळ जागीच येतो. आपल्याकडे कुलकर्णी किंवा देशपांडे ही आडनावे गावोगावी व परगणोपरगणी असलेल्या वतनांवरून पडली. तेव्हा आडनाव एक म्हणून दोन घराण्यांचा मूळपुरुष एक, असे कोणी मानत नाही. त्यासाठी कुळवृत्तांत व जुनी कागदपत्रे पाहावी लागतात. प्राण्यांच्या बाबतीतही व्यवसाय सारखा म्हणून वंश एक, असे म्हणता येत नाही. स्वतंत्र पुरावा लागतो.

असा स्वतंत्र पुरावा आनुवंशिक द्रव्याने, म्हणजे डीएनएने पुरविला. एलेना कुप्रियानोवा, टारा मॅकडोनल्ड व ग्रेग राउस यांनी 2006 साली जनुकांतील क्रम आणि शरीररचना यांचा एकत्र विचार करून या कुलाचा वंशवृक्ष मांडला. त्यावरून दिसून आले, की चक्राकार नळीचे कृमी हा एकाच पूर्वजापासून निघालेला गट आहे. परंतु तो सर्पुलिडी कुलाच्या बाहेरचा नसून आतलाच एक फाटा आहे. फिलोग्राना व प्रोटुला ज्या शाखेत येतात तिच्याशी त्याचे नाते हायड्रॉइडीसशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे आहे. म्हणून त्याला आता स्वतंत्र कुल न मानता उपकुल मानतात.

बाह्य साम्याची फसगत

जीवाश्मांच्या बाबतीत तर याहून मोठी चूक दुरुस्त करावी लागली. चाळीस कोटी वर्षांहूनही जुन्या खडकांत सापडणाऱ्या चक्राकार नळ्यांना दीर्घकाळ स्पायरॉर्बिस म्हटले जात असे. नळीच्या भिंतीची सूक्ष्म रचना तपासल्यावर त्या मायक्रोकाँकिड नावाच्या, कृमींशी निकटचे नाते नसलेल्या, लुप्त प्राण्यांच्या असल्याचे आढळले. खऱ्या चक्रनलिका कृमींचे जीवाश्म त्या मानाने पुष्कळ अलीकडचे, क्रिटेशस कालखंडापासूनचे आहेत.

आरंभीची रीत कोणती ?

अंडी पाण्यात सोडणे ही मूळची साधी रीत आणि संगोपन ही मागाहूनची सुधारणा, असे सामान्यतः गृहीत धरले जात असे. राउस व कर्क फिट्झह्यू यांनी 1994 साली सबेलिडी कुलाच्या वंशवृक्षावरून या समजुतीला आव्हान दिले. त्या कुलात नळीतील संगोपन हीच जुनी रीत असून काही मोठ्या जातींनी अंडी पाण्यात सोडण्याची रीत नंतर स्वीकारली असावी, असे त्यांनी प्रतिपादिले. या मताचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. साधे ते जुने आणि गुंतागुंतीचे ते नवे, असे आधीच ठरवून न टाकता प्रथम नाते शोधावे आणि मग त्या नात्यावरून रीतींचा क्रम वाचावा, ही ती पद्धत होय.

या ज्ञानाचा उपयोग केवळ प्राणिसंग्रहालयातील चिठ्ठ्यांपुरता नाही. डिंभ किती काळ पोहतो यावर एखादी जात किती लवकर व कोठवर पसरेल हे काही अंशी अवलंबून असते. परंतु काही तासच पोहणारे चक्रनलिका कृमीही दूरदूरच्या किनाऱ्यांवर आढळतात, कारण तुटलेली शैवाले, वाहती लाकडे आणि जहाजांचे तळ यांवर बसून प्रौढ कृमीच प्रवास करतात. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, जिची स्थापना 1966 साली झाली, अशा चिकटून राहणाऱ्या जीवांचे संशोधन होत आले आहे.

जे विद्यार्थी समुद्रकिनारी जातील त्यांनी वाहून आलेले शिंपले व शैवाले भिंगाखाली अवश्य पाहावीत. चक्राकार नळी आढळल्यास ती डावीकडे वळते की उजवीकडे, झाकण कसे आहे आणि भ्रूण नळीत आहेत की झाकणात, याची टिपणे ठेवावीत. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास त्याचा आकार टिकतो, पण त्यातील डीएनए खराब होतो. अल्कोहोलमध्ये ठेवल्यास तो तपासण्याजोगा राहतो. म्हणून शाळेच्या संग्रहासाठी शक्य असेल तेव्हा एकाच जातीचे दोन नमुने घेऊन ते दोन्ही प्रकारांनी जतन करावेत आणि प्रत्येकाच्या बाटलीवर स्थळ व दिनांक लिहावा.