बर्फावरची शर्यत : शॉर्ट ट्रॅक स्केटिंग म्हणजे काय, आणि आपल्या पोरांच्या चाकांचा त्याच्याशी काय संबंध?

लातूर : बर्फावर कमरेत वाकून पळणारे खेळाडू, वळणावर जमिनीला टेकलेला डावा हात आणि एकाचा पाय घसरला की त्याच्यासोबत भिंतीवर आदळणारे आणखी दोघं-तिघं. असे व्हिडिओ मोबाईलवर बऱ्याच जणांनी पाहिले असतील. या खेळाचं नाव शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. २० ते २३ ऑगस्ट २०२५ या काळात याच खेळाची आशियाई देशांची खुली स्पर्धा आपल्या देशात, उत्तराखंडच्या डेहराडूनला झाली.

बर्फाचा खेळ आणि मराठवाड्याचं ऊन, यांचा काय मेळ, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडं शहरातली आणि आता तालुक्याच्या गावातली लेकरंही चाकाचे स्केट बांधून सरावाला जातात. देशातले बर्फावरचे बरेच खेळाडू याच चाकांवरून आलेत. त्यामुळं हा खेळ नेमका काय आहे आणि तिथवरची वाट कशी आहे, हे पालकांना माहीत असलेलं बरं.

मैदान केवढं?

रिंक म्हणजे बर्फाचं मैदान. ते ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतं. त्यावर लंबगोल धावपट्टी आखतात. तिची एक फेरी १११.१२ मीटरची. ५०० मीटरला साडेचार फेऱ्या, १००० मीटरला नऊ आणि १५०० मीटरला साडेतेरा फेऱ्या. सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेनं पळतात, म्हणजे वळण कायम डाव्या हाताला.

याचा थोरला भाऊ म्हणजे लाँग ट्रॅक. त्याची धावपट्टी ४०० मीटरची असते. तिथं दोघं-दोघं पळतात, प्रत्येकाची पट्टी वेगळी, आणि ज्याची वेळ कमी तो जिंकतो. शॉर्ट ट्रॅकला तसं नाही. इथं चार-पाच जण एकाच वेळी सुटतात, १५०० मीटरला त्याहून जास्त. पट्ट्या आखलेल्या नसतात. जो आधी पोचला तो पहिला. घड्याळ विक्रमापुरतं, खरी झुंज माणसामाणसात.

सगळा खेळ वळणावर

चीनच्या वू दाजिंगनं २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटर ३९.५८४ सेकंदांत पार केलं. हिशेब केला तर तासाला जवळपास ४५ किलोमीटरचा वेग. या वेगानं मोटारसायकल मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये गोल फिरवायची म्हटलं तर काय होईल? गाडी बाहेर फेकली जाईल. तसं होऊ नये म्हणून मोटारसायकलवाला वळणावर आत झुकतो. स्केटरही तेच करतो, फक्त इतका झुकतो की डावा हात बर्फाला लागतो. म्हणून डाव्या हातमोज्याच्या बोटांना कडक, गुळगुळीत टोपणं लावलेली असतात. हात बर्फावरून घसरत जातो, अडकत नाही.

बुटाखालचं पातंही साधं नसतं. ते बुटाच्या मधोमध न बसवता थोडं डावीकडं सरकवून बसवतात, आणि वळणाच्या गोलाईप्रमाणं त्याला किंचित बाक दिलेला असतो. वळणावर काळे ठोकळे ठेवलेले असतात. ते पक्के रोवलेले नसतात, धक्का लागला की सरकतात. पण त्यांच्या आतून गेलं की खेळाडू बाद.

जुन्या माणसांनी खळ्यावरची मळणी पाहिली असेल. तिवड्याजवळचा बैल कमी चालतो, बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं. इथंही तसंच. आतल्या बाजूनं पळणाऱ्याला अंतर कमी पडतं, बाहेरून पुढं काढणाऱ्याला जास्त. म्हणून आतली जागा मिळवायला सगळी धडपड असते. पण आत राहायचं तर वळण जास्त तीव्र, वेग थोडा चुकला तरी पाय सुटतो.

धक्का कुणाचा, पंच कसं ठरवतात?

पुढं काढणं चालतं, ढकलणं चालत नाही. धक्का न लावता पुढं जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यावर असते. पण पुढचाही मुद्दाम आडवा आला तर चूक त्याची. पंच व्हिडिओ पाहून निर्णय देतात. चूक करणारा त्या शर्यतीतून बाद होतो. आणि ज्याचं नुकसान झालं तो पुढं जाण्याच्या जागेवर असेल, तर त्याला पुढच्या फेरीत घेतलं जातं. म्हणून कधी कधी पडलेला खेळाडू पुढं जातो आणि पहिला आलेला घरी जातो. नवख्या माणसाला हे गोंधळाचं वाटतं, पण नियम हा असा आहे.

सांघिक शर्यत तर आणखी गमतीची. प्रत्येक संघाचे चार खेळाडू. हातात काठी-बिठी काही नाही. थकलेला खेळाडू पुढच्याला मागून दोन्ही हातांनी जोरात ढकलतो, तोच बदल. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकाच खेळाडूनं पळायच्या. महिलांची सांघिक शर्यत ३००० मीटरची म्हणजे २७ फेऱ्या आणि पुरुषांची ५००० मीटरची म्हणजे ४५ फेऱ्या. २०२२ पासून ऑलिंपिकमध्ये मुलं-मुली मिळून २००० मीटरचीही शर्यत असते.

सगळ्यात मागचा पहिला आला

या खेळाची सगळ्यात गाजलेली शर्यत २००२ ची. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये १००० मीटरच्या अंतिम फेरीत पाच जण होते. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सगळ्यात मागं. शेवटच्या वळणावर पुढचे चारही जण एकमेकांत अडकून पडले. ब्रॅडबरी मागून सरळ आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. हिवाळी ऑलिंपिकमधलं ऑस्ट्रेलियाचं हे पहिलं सुवर्ण.

लोक याला नशीब म्हणतात. पण १९९४ मध्ये दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागून त्याची मांडी फाटली होती, १११ टाके पडले होते. २००० मध्ये सरावात मान मोडली. तरी तो उभा राहिला. पुढच्यांइतका वेग आपल्याकडं नाही हे ओळखून तो त्या दिवशी मुद्दाम मागं राहिला होता. इतरांची गर्दी होणार, कुणीतरी पडणार, हा त्याचा अंदाज होता.

त्या शर्यतीत पडूनही रौप्य मिळवणारा अमेरिकेचा अपोलो ओनो आपल्यासाठी जास्त कामाचा. तो आधी चाकाच्या स्केटवर पळायचा, त्यात राष्ट्रीय विजेता होता. मग बर्फावर गेला आणि एकूण आठ ऑलिंपिक पदकं मिळवली.

महाराष्ट्राची पोरं चाकांवर

चाकावरच्या स्केटिंगमध्ये आपली पोरं कमी नाहीत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर सांघिक शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळालं. त्या चौघांत महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. महिला संघानंही त्याच दिवशी कांस्य आणलं.

त्याच पुरुषांच्या शर्यतीत कोरियाचा शेवटचा खेळाडू जिंकलो म्हणून रेषेआधीच हात वर करून मोकळा झाला. मागून तैवानच्या खेळाडूनं पाय पुढं सरकवला आणि ०.०१ सेकंदानं सुवर्ण नेलं. बर्फावरही हेच लागू. रेषेला आधी पात्याचं टोक लागतं तो पहिला. म्हणून शेवटच्या क्षणी सगळे पाय पुढं फेकतात.

बर्फावर मात्र चित्र वेगळं आहे. लेहला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राच्या खेळाडूंनी आइस स्केटिंगमध्ये पदकं मिळवलीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनच्या हार्बिनमधल्या हिवाळी आशियाई स्पर्धेतही भारताचा संघ होता, पण पदक आलं नाही. तिथं शॉर्ट ट्रॅकच्या नऊपैकी सहा सुवर्णपदकं एकट्या दक्षिण कोरियानं नेली. हिवाळी ऑलिंपिकच्या शॉर्ट ट्रॅकमध्ये तर भारताचा खेळाडू अजून उतरलेलाच नाही.

अडलं कुठं? बर्फावर

पायात दम आहे, पण पायाखाली बर्फ नाही. लेहमध्ये थंडीत तळं गोठतं, तेवढे दोन-तीन महिने. वर्षभर सराव करायचा तर कृत्रिम रिंक लागते. सिमेंटच्या तळाखाली नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याच्या खाली थंड केलेलं द्रव फिरवतात. वरून पाण्याचे पातळ थर देऊन गोठवत जातात.

पाणी किती लागतं? तीन सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर साधारण ५० हजार लिटर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवत असेल, तिच्या एका वाघिणीत मावेल एवढं. म्हणजे पाणी हा मोठा प्रश्न नाही. प्रश्न विजेचा आहे. फ्रीज बंद केला की बर्फ वितळतो, तसंच रिंकचं. यंत्र रात्रंदिवस चालू लागतं आणि बिल महिन्याच्या महिन्याला येतं.

डेहराडूनच्या रिंकची गोष्ट याचीच आहे. जानेवारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी ती बांधली. स्पर्धा झाली आणि नंतर रिंक दहा वर्षांहून जास्त काळ बंद पडून राहिली. चालवायचा खर्च कुणी करायचा, इथं घोडं अडलं. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठं आशियाई स्पर्धा घेता आली. बांधकामाला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. गावातल्या बंद पडलेल्या पाणी योजनेसारखंच हे.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

पोराला स्केटिंगला घालायचं असेल तर बर्फाचं स्वप्न नंतर, आधी चाकं. कमरेत वाकून बसणं, वळणावर पायावर पाय टाकणं, गर्दीत तोल सांभाळणं हे चाकावर शिकता येतं. एका ओळीत चाकं असलेला इनलाइन स्केट बर्फाच्या पात्याला जास्त जवळचा. हेल्मेट, गुडघा आणि कोपराचे पॅड याशिवाय एक दिवसही उतरवू नये. महागडे स्केट लगेच घेऊ नयेत, वाढत्या वयात पाय वर्षभरात मोठा होतो.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्याच आशेवर अनेक पालक पैसे घालतात. पण नुसतं 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असं छापलेला कागद पुरत नाही. खेळ कोणता, स्पर्धेची पातळी कोणती, घेणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे सगळं जुळावं लागतं आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. खासगी संस्थांच्या 'विक्रमा'ची प्रमाणपत्रं इथं चालत नाहीत. शिवाय चाकाच्या आणि बर्फाच्या स्केटिंगच्या राष्ट्रीय संघटना वेगवेगळ्या आहेत. एकीचा कागद दुसरीकडं चालेल असं धरून चालू नये.

म्हणून बाहेरगावच्या स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन एकदा विचारावं. शालेय क्रीडा स्पर्धेत रोलर स्केटिंग आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी ती पायरी सरळ आहे आणि शाळेमार्फतच जाते.

लातूरचे पैलवानही कधीकाळी वळकटी घेऊन कोल्हापूर-पुण्याच्या तालमीत गेलेच. बर्फावर उतरायचं तर आजच्या पोरांना डेहराडून किंवा लेह गाठावं लागेल. तो खर्च बहुतेक घरांना झेपणारा नाही. राज्यात एक तरी रिंक बारमाही चालली, तर निदान हे अंतर तरी कमी होईल.